छताला चिकटलेला दिवा साखळीवर टांगताना

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

छतावरच्या दिव्यांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेली पत्रे एकत्र ठेवली, तेव्हा बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे असल्याचे दिसले : छताला चिकटून बसवलेला दिवा साखळीने खाली आणता येईल का, आणि आणायचा तर कसा. म्हणून या अंकात हाच एक विषय घेतला आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे. पुढच्या पत्रांत जे वेगळे आहे, तेवढेच त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

प्रश्न : आमची इमारत १९८८ सालची आहे. जेवणाच्या टेबलाजवळ छताला चिकटून बसवलेला एक गोल दिवा आहे. पितळी थाळी, तिच्याखाली दुधी काचेचा घुमट आणि आत आडवे दोन बल्ब असे त्याचे स्वरूप आहे. सासूबाईंनी हौसेने घेतलेला असल्यामुळे तो काढून टाकावासा वाटत नाही. परंतु त्याचा उजेड सगळीकडे पसरतो आणि नेमका ताटात कमी पडतो. हाच दिवा साखळीने टेबलावर टांगता येईल का? आमचे वायरमन म्हणतात, ‘हा टांगायचा दिवा नाही, नवीन घ्या’. सुतार म्हणतात, ‘एक हुक मारून देतो, अर्ध्या तासाचे काम आहे’. शिवाय टेबल दिव्याच्या बरोबर खाली नसून साधारण दोन फूट बाजूला आहे.
— एक वाचिका, कोथरूड

उत्तर : आपला दिवा टांगता येण्यासारखा आहे, आणि तो जपावासा वाटणेही योग्यच आहे, कारण हाताला जड लागणारी पितळी थाळी आणि बल्ब न दिसू देता उजेड तेवढा बाहेर सोडणारी दुधी काच आज शोधूनच मिळवावी लागते. मात्र हे अर्ध्या तासाचे काम नव्हे. छताला चिकटून बसणाऱ्या दिव्याची घडणच मुळी पाठीशी छत आहे असे धरून केलेली असते. त्याची थाळी दोन स्क्रूंनी स्लॅबवर दाबून बसते, म्हणून तिचा पत्रा पातळ असला तरी चालतो. तिची पाठ स्लॅबने झाकली जाते, म्हणून ती उघडी ठेवलेली असते. आणि वायरींचा जोड थाळीच्या मागेच असतो, म्हणून आतल्या वायरी वीतभरच असतात. साखळीवर आल्याबरोबर हे तिन्ही आधार सुटतात. आपले वायरमन जे म्हणाले ते या अर्थाने बरोबर आहे. परंतु हेच आधार दुसऱ्या रीतीने देता येतात, आणि तसे ते दिल्यावर दिवा निर्धोकपणे टांगता येतो.

सुरुवात वजनापासून करावी. काच आणि बल्ब यांसह दिवा घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहावा. दीड फूट व्यासाचा असा दिवा तीन-चार किलो सहज भरतो. आपल्या इमारतीच्या वयाचा विचार करता सध्याचे स्क्रू बहुधा लाकडी गट्टूत बसवलेले असतील. स्लॅबमधल्या भोकात ठोकलेला लाकडी गट्टू वर्षानुवर्षे वाळत आणि आकसत जातो. थाळी छताला टेकलेली असते तोवर ते लक्षात येत नाही; पण तेच वजन एका जागी सरळ खाली ओढू लागले आणि वाऱ्याने हलूही लागले, की गट्टू हळूहळू सुटतो. प्लॅस्टिकच्या प्लगचेही छतात असेच होते. भिंतीवरच्या तसबिरीला तो पुरतो. छतातून कायम लोंबणाऱ्या वजनाचा भरवसा त्याच्यावर ठेवू नये.

त्या जागेजवळ पंख्याचा रिकामा हुक असेल, तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण तो स्लॅब ओततानाच आतल्या सळयांत अडकवून काँक्रीटमध्ये गाडलेला असतो. तो नसेल तर आकडा असलेला आठ मिलिमीटरचा लोखंडी अँकर फास्टनर बसवावा. हॅमर ड्रिलने पाडलेल्या भोकात तो घालून आवळला की त्याचे आतले टोक फाकते आणि काँक्रीटला घट्ट धरून राहते. भोकाची खोली मोजताना गिलावा जमेस धरू नये. फास्टनरचे फाकणारे टोक पूर्णपणे काँक्रीटमध्येच गेले पाहिजे. राहत्या इमारतींचे स्लॅब साधारणपणे चार-पाच इंच जाडीचे असतात आणि वायरिंगचे पाइपही त्यांतूनच गेलेले असतात, त्यामुळे छतातल्या डब्यापासून पाइप कोणत्या दिशेला गेला आहे ते झाकण उघडून आधी पाहावे आणि ती दिशा सोडूनच ड्रिल चालवावे. मध्येच ड्रिल पुढे सरकेनासे झाले आणि त्याचा आवाज बदलला, तर ते सळईला लागले आहे असे समजावे. तिथे जोर न करता दोन-तीन इंच बाजूला नवे भोक घ्यावे. काम झाल्यावर, दिवा चढवण्यापूर्वी, आकड्याला दिव्याच्या चौपट वजन एक रात्र टांगून ठेवण्याचा माझा आग्रह असतो. चार किलोच्या दिव्यासाठी पाण्याने भरलेली पंधरा लिटरची बादली हे काम चांगले करते. सकाळी आकडा वळलेला किंवा गिलाव्यापासून केसभरही खाली आलेला दिसला, तर ती जागा सोडून द्यावी.

साखळी घेताना तिची कडी हातात घेऊन नीट पाहावी. शोभेच्या अनेक साखळ्यांच्या कड्या तार वाकवून केलेल्या असतात आणि त्यांची तोंडे नुसती एकमेकांना टेकवलेली असतात. अशा कडीत नख शिरते, आणि वजन आले की ती उघडू लागते. तोंड झाळलेले, म्हणजे वेल्डिंग केलेले असेल, अशीच साखळी घ्यावी. बोहरी आळीत अशा साखळ्या मिळतात, आणि पितळी मुलामा दिलेल्याही मिळतात. वरच्या आणि खालच्या टोकाला जी जोडकडी वापरायची, तीही स्क्रूने बंद होणारी असावी. साखळी दणकट आणि तिला जोडणारी कडी मात्र पक्कडीने वळवलेली, असे काम पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि दिवा पडतो तो नेमका त्या कडीपाशीच.

आता थाळी. साखळी थाळीच्या मध्यातूनच निघाली पाहिजे, एरवी दिवा तिरका लोंबतो आणि तो तिरकेपणा दुधी काचेमुळे अधिकच डोळ्यांत भरतो. यासाठी बाहेरून आटे पाडलेली, दहा मिलिमीटर जाडीची पोकळ नळी वापरतात. तपकीर गल्लीत झुंबरांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ती चेकनट, वॉशर आणि वर बसणाऱ्या कडीसह मिळते. आपल्या दिव्याचा घुमट मधल्या दांडीवर पेलून खालून घुंडीने आवळलेला आहे, की कडेच्या तीन स्क्रूंनी धरलेला आहे, हे आपण लिहिलेले नाही. मधली दांडी असेल तर काम सोपे होते. त्या दांडीच्या जागी वरच्या कडीपासून खालच्या घुंडीपर्यंत जाणारी एकच पोकळ नळी घालावी, म्हणजे थाळी आणि काच या दोहोंचे वजन सरळ नळीवर येते, आणि वायर बाहेर काढण्यासाठी नळीला थाळीच्या आत एक भोक पाडून घेता येते. कडेचे तीन स्क्रू असतील, तर थाळीच्या मध्याला नळीपुरते भोक पाडून वरून आणि खालून चेकनट आवळावे लागतात. अशा वेळी पत्र्यावर विसंबू नये. तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी लोखंडी चकती आतल्या बाजूने घालून तिच्यावर नट आवळावा, नाहीतर थोड्याच दिवसांत पत्रा मध्यभागी वर ओढला जाऊन थाळीला उलट्या बशीचा आकार येतो. वायर जिथे जिथे धातूच्या भोकातून जाते, तिथे रबरी किंवा प्लॅस्टिकचे बुश बसवावे. भोकाची कड कानशीने कितीही घासली तरी झोके घेणाऱ्या दिव्यात ती वायरचे आवरण कातरत राहते.

थाळीची उघडी पाठ झाकण्याचा विचार लोक बहुधा शेवटी करतात, पण तो आधीच करावा. आजवर छतात दडलेली ती बाजू आता उभ्या माणसालाही दिसणार आहे. तिच्यावर जुन्या स्क्रूंच्या खाचा असतात, होल्डरचे नट असतात, आणि पावसाळ्यात किड्यांना आत शिरायला तीच वाट मिळते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत थाळीच्या मापाचे उथळ पितळी झाकण घडवून घेता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे मापाचे पितळी ताट पालथे घालून त्याच्या मध्याला भोक पाडणे. हे ताट आणि थाळी एकाच नळीवर आवळली की दिवा वरूनही पूर्ण झालेला दिसतो. जुन्या थाळीच्या पाठीला काचतंतूची पातळ गादी चिकटवलेली असेल, तर तिचे काम आता संपले आहे. बल्बची उष्णता छतातल्या वायरिंगपर्यंत पोचू नये म्हणून ती लावलेली असते. ती हाताला टोचते, म्हणून हातमोजे घालूनच काढावी.

यापुढचा भाग विजेचा आहे, आणि मी सर्वांत जास्त जपावे असे सांगेन ते इथे. दिव्याचे वजन साखळीने घ्यायचे आणि वीज वायरीने न्यायची. वायरीवर वजनाचा अंशही येता कामा नये. वायर साखळीच्या दोन-दोन कड्या सोडून ओवून घ्यावी आणि ती कुठेही ताणलेली राहू नये, इतकी सैल सोडावी. नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब २३० व्होल्टवर एक दशांश अँपियरपेक्षाही कमी वीज घेतात, त्यामुळे विजेच्या मानाने अगदी बारीक वायरही पुरेल, तरीही ०.७५ चौरस मिलिमीटरची, तीन पदरी, तांब्याच्या बारीक तारांची लवचीक वायरच घ्यावी, कारण तिला सतत हलणे सोसायचे असते. अशा वायरीत तपकिरी पदर फेजचा, निळा न्यूट्रलचा आणि हिरवा-पिवळा अर्थिंगचा असतो. भिंतीतून आलेल्या जुन्या वायरिंगमध्ये मात्र फेजची वायर लाल, पिवळी किंवा निळी असू शकते आणि न्यूट्रल काळी असते. म्हणजे वरची निळी आणि खालची निळी एकाच कामाची असेल असे नाही. रंगाला रंग जोडू नये. मल्टिमीटर लावून कोणती वायर कोणती ते ठरवावे.

तिसऱ्या पदराबाबत तडजोड नको. छताला चिकटलेल्या दिव्याला सहसा कोणाचा हात लागत नाही. टेबलावर टांगलेली पितळी थाळी मात्र पुसताना, बल्ब बदलताना, किंवा मुले खुर्चीवर उभी राहिली तरी हाताला लागते. आत एखादी वायर सोलवटून थाळीला टेकली, तर अर्थिंग असलेल्या दिव्यात बोर्डावरचे संरक्षण लगेच वीज तोडते आणि अर्थिंग नसलेल्या दिव्यात ती थाळी हात लागण्याची वाट पाहत राहते. साखळी धातूची आहे, म्हणून तीच अर्थिंगचे काम करील असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये, कारण कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात आणि त्यांवर मुलामा व धूळ असते. हिरवी वायर थाळीलाच, रंग किंवा लाख खरवडलेल्या जागी, दातेरी वॉशर घालून आवळावी. छताशी बसणारी वाटी, जिला दुकानात कॅनोपी म्हणतात, ती धातूची असल्यास तिलाही अर्थिंग द्यावे. काम झाल्यावर जवळच्या सॉकेटच्या मोठ्या भोकापासून थाळीपर्यंत मीटरने रोध मोजावा. तो एक ओहमपेक्षा कमी दिसला पाहिजे.

आपल्या छतातल्या डब्यात हिरवी वायर आलेली नाही असे आढळणे शक्य आहे. त्या काळच्या अनेक इमारतींत दिव्याच्या पॉइंटला दोनच वायरी दिलेल्या दिसतात. तसे असेल तर स्विचबोर्डवरच्या सॉकेटच्या अर्थिंगपासून त्याच पाइपातून एक हिरवी वायर छतापर्यंत ओढून घ्यावी. पाइपात आधीच गर्दी असेल तर जुन्या दोन वायरी काढून तिन्ही नव्या ओढाव्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, स्विच यांची जशीच्या तशी अदलाबदल करण्याला सूट आहे; वायरिंगमध्ये भर घालणे किंवा बदल करणे हे मात्र राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावे लागते. म्हणून आकडा बसवणे सुताराकडे आणि अर्थिंग ओढण्यापासून जोड करण्यापर्यंतचे काम परवानाधारकाकडे, अशी विभागणी आपण करावी.

वीज बंद करताना एक गोष्ट न विसरता पाहावी. पुण्यात पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो, आणि दिव्यांचे पॉइंट त्याच्यावर घेतलेले असतात. मुख्य एमसीबी खाली केली की इन्व्हर्टरला वाटते वीज गेली, आणि तो तत्परतेने तेच पॉइंट पुन्हा चालू करतो. म्हणून एमसीबी बंद करून शिवाय इन्व्हर्टरचे आउटपुटही बंद करावे, आणि त्यानंतर छतातल्या वायरी मीटरने तपासूनच हात लावावा. पेनसारख्या टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावरून वायर मृत आहे असे मानू नये. डब्यात आपल्या दिव्याखेरीज आणखी वायरी एकत्र जोडलेल्या दिसल्या, तर त्या शेजारच्या खोलीकडे गेलेल्या असतात. सोडण्यापूर्वी त्यांचा फोटो काढून ठेवावा. नवा जोड कनेक्टरमध्ये, कॅनोपीच्या आतच करावा. साखळीच्या मध्ये कुठेही पिळून टेप गुंडाळलेला जोड असू नये.

आता टेबल दोन फूट बाजूला आहे, त्याविषयी. त्यासाठी स्लॅबला झिरी पाडून वायर सरकवण्याचे कारण नाही, आणि स्लॅब खरवडून सळया उघड्या पाडणे चांगलेही नाही. फास्टनरचा आकडा टेबलाच्या बरोबर मध्यावर बसवावा, कॅनोपी जुन्याच जागी ठेवावी, आणि साखळी तिथून हलका झोळ देत आकड्यापर्यंत नेऊन मग खाली सोडावी. सगळे वजन आकड्यावर येते. जुन्या जागेवर झोळाचेच काय ते वजन राहते, त्याला तिथे छोटा फास्टनर पुरतो.

उंचीचा हिशेब असा. टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, आणि टेबलापासून घुमटाच्या तळापर्यंत ७५ ते ८५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर उजेड ताटात पडतो आणि समोरच्या माणसाचा चेहराही झाकला जात नाही. मधले ८० धरू. छत २७५ सेंटिमीटरवर आणि दिवा २५ सेंटिमीटर उंचीचा असेल, तर सरळ लोंबणारी साखळी ९५ सेंटिमीटर होते. झोळासाठी आणखी ७५ धरावे. वायर ओवताना नागमोडी जाते आणि दोन्ही टोकांना जोडासाठी वीतभर जास्त लागते, म्हणून एकूण सव्वादोन मीटर घ्यावी. साखळी कापण्यापूर्वी दिवा तात्पुरता अडकवून, घरातली सगळी माणसे टेबलाशी बसवून पाहावे. घरात कोणी उंच असेल तर खुर्चीवरून उठताना डोके लागते का, हे कागदावर कळत नाही.

पंख्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, पण आपल्याकडे तो असतोच. नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याचे पाते मध्यापासून दोन फूट पोचते. साखळी त्या घेराच्या चांगली बाहेर असावी, आणि दिवा झुलला तरी काच पात्याच्या आसपास येऊ नये. पंखा आणि दिवा यांत पाच-सहा फुटांहून कमी अंतर राहत असेल, तर साखळीचा हट्ट सोडून त्याच नळीवर सरळ पितळी दांडा बसवावा असे मी सुचवेन. वाऱ्यात सतत झुलणारा दिवा कड्या झिजवतो, आणि त्याच्या हलत्या सावल्यांत जेवणे कोणालाच आवडत नाही.

प्रश्न : बाणेरच्या नव्या सदनिकेत सगळीकडे फॉल्स सीलिंग आहे आणि त्याला १८ वॅटचे गोल एलईडी पॅनेल दिवे चिकटवलेले आहेत. त्यांतला एक साखळी लावून खाली घेता येईल का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : हा दिवा टांगू नये. त्याचे घर पातळ प्लॅस्टिकचे असते, पाठीमागे ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागणारी वीज करून देणारा भाग असतो, आणि त्याला मध्यभागी वजन पेलण्याजोगा एकही भाग नसतो. त्याच्या जागी टांगण्यासाठीच घडवलेला दिवा आणावा. पहिल्या उत्तरातला खटाटोप जुन्या, जड आणि आवडत्या दिव्यासाठीच सार्थ ठरतो.

फॉल्स सीलिंगविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण नवा दिवाही तिथेच लागणार आहे. खालून छत दिसते ती साडेबारा मिलिमीटरची जिप्समची फळी असते, आणि ती पत्र्याच्या पातळ चॅनेलवर स्क्रूंनी धरलेली असते. छत्रीसारखा उघडणारा प्लग घालून तिच्यावर दिवा टांगून देणारे कारागीर आहेत. हलक्या कागदी दिव्याला ते चालेलही, पण धातूच्या वा काचेच्या दिव्याला चालणार नाही. फळीला भोक पाडून वर खरा स्लॅब गाठावा, तिथे फास्टनर बसवावा, आणि त्याला आठ मिलिमीटरची आटे पाडलेली सळई जोडून ती फळीच्या भोकातून खाली आणावी. सळईच्या टोकाला आकडा लावला की साखळी तिथून सुरू होते, आणि भोक कॅनोपीखाली झाकले जाते. कॅनोपी फळीला नुसती टेकलेली असावी. वायरींचा जोड फळीच्या वर मोकळा सोडू नये, बंद डब्यात घ्यावा, आणि तो डबा कॅनोपी काढल्यावर हाताला येईल असा ठेवावा.

ड्रिल लावण्यापूर्वी इमारतीचा स्लॅब ताण दिलेल्या पोलादी केबल घालून ओतलेला आहे का, याची विकसकाकडे किंवा सोसायटीकडे चौकशी करावी. तसे असेल तर केबलच्या जागा नकाशावर पाहिल्याशिवाय छताला भोक पाडू नये.

प्रश्न : आमच्या वाड्यात माजघराच्या तुळईला जुनी लोखंडी कडी आहे, पूर्वी तिला हंडी टांगत असत. शेजारीच लाकडी ठोकळ्यावर साधा छतदिवा आहे. तोच साखळीने त्या कडीला अडकवला तर चालेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कडी चांगली असेल तर तिच्यासारखा आधार नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले टांगते दिवे पाहिले, तर एका साखळीवर दिवा तोलून टांगण्याची कला आपल्याकडे किती सराईत होती ते कळते. लामणदिव्यात तेल असते, आणि तो जरा कलला तरी ते सांडेल. म्हणून साखळी बरोबर मध्यावर धरलेली असते. आपल्या छतदिव्यालाही हाच नियम लागू आहे.

कडीपेक्षा तुळई आधी तपासावी. कडीभोवतीच्या लाकडात दाभण खुपसून पाहावे. ते सहज आत गेले किंवा भुसा पडला, तर वाळवी लागलेली आहे. कडीचा दांडा तुळईच्या आरपार जाऊन वर नटाने आवळलेला असेल तर उत्तम. नुसता ठोकलेला असेल तर बादलीची परीक्षा इथेही घ्यावी. कडीपाटाच्या फळीत नवा आकडा मात्र बसवू नये, कारण फळी वजन पेलण्यासाठी नसते.

मोठी अडचण वायरिंगची आहे. वाड्यात लाकडी पट्टीवरचे, रबर आणि सुताचे आवरण असलेले वायरिंग अजून असेल, तर ते जागच्या जागी वर्षानुवर्षे टिकते आणि हलवले की त्याचे आवरण भुकटी होऊन गळते. अशा वायरीला नवा जोड देऊ नये. स्विचपासून दिव्यापर्यंतची वायर आधी बदलून घ्यावी, तिच्याबरोबर अर्थिंग आणावे, आणि जोड उघड्या लाकडावर न ठेवता धातूच्या बंद डब्यात घ्यावा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला असणेही शक्य असते. तसे असले तर स्विच बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. म्हणून बल्ब काढायचा असला तरी मुख्य स्विच बंद करण्याची सवय वाड्यात ठेवावी. तीस मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारी कळ बसवलेली नसेल, तर दिव्याच्या आधी तिच्यावर खर्च करावा.

प्रश्न : माझ्या मुलाने अमेरिकेहून छतदिवा टांगता करण्याचा संच पाठवला आहे. त्यात साखळी, कॅनोपी, पोकळ नळी, होल्डर आणि काळी, पांढरी व हिरवी अशा तीन वायरी आहेत. तो इथे वापरता येईल का?
— एक वाचिका, सहकारनगर

उत्तर : साखळी आणि कॅनोपी बिनदिक्कत वापरावी. नळीच्या आट्यांची मात्र परीक्षा घ्यावी. अमेरिकेतल्या दिव्यांच्या नळीला इंचात २७ आटे असतात आणि आपल्याकडच्या दहा मिलिमीटरच्या नळीला दर मिलिमीटरला एक. दोन्ही दिसायला इतक्या सारख्या असतात, की इथला नट तिथल्या नळीवर एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. जोराने आवळला तर आटे मरतात आणि वजन त्या मेलेल्या आट्यांवर येते. नळीबरोबर आलेलेच नट वापरावेत, किंवा नळी आणि नट दोन्ही इथले घ्यावेत.

वायरींच्या रंगांत खरा धोका आहे. अमेरिकेत काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रलची असते. काळीला काळी जोडली तर दिवा लागतो, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. पण फेज होल्डरच्या आटे असलेल्या बाहेरच्या कड्यावर जातो, आणि दिवा चालू असताना बल्ब फिरवणाऱ्याचे बोट तिथेच लागते. आपल्या स्विचमधून आलेली फेज संचातल्या काळ्या वायरीला, आपली काळी न्यूट्रल पांढरीला, आणि अर्थिंग हिरवीला, अशी जोडणी करून घ्यावी.

होल्डरवर व्होल्टेज छापलेले असते. ते २५० व्होल्ट असेल तर तो होल्डर इथे चालतो. १२० किंवा १२५ लिहिलेले असेल तर होल्डर बदलावा. संचातल्या होल्डरमध्ये आपल्याकडचा दोन पिनांचा बल्ब बसणार नाही, आट्यांचा घ्यावा लागेल, आणि तो दुकानात सहज मिळतो. संचाबरोबर तिथले बल्ब आले असतील, तर त्यांवरचा आकडा वाचावा. केवळ १२० व्होल्टसाठी असलेला बल्ब इथल्या २३० व्होल्टला लावू नये; तो जळेल, आणि बंद घुमटात फुटलाही तर काच खाली टेबलावर येईल.